पाईपामागची भर

"पुढून काय दाखवतोस? मागून दाखव." कुणी वेल्डिंग केलेला सांधा कौतुकाने समोर धरला की आमचे मिस्त्री एवढंच म्हणत आणि तो हातातून घेऊन उलटा करत.

अंबरनाथच्या एका कारखान्यात ते वेल्डर होते आणि मी हजेरी-कारकून. स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती. साहेब आता आपलेच होते, म्हणजे मराठीतून ओरडत. माझी अक्कल बेताची, पण अक्षर वळणदार, म्हणून नोटिसा माझ्याकडे.

वाफेचे पाईप भिंतीपासून जेमतेम वीतभर अंतरावर होते. पुढची बाजू कुणीही जोडेल. मागे ना नजर पोचते, ना हात. मिस्त्री भिंतीला दाढीचा आरसा टेकवत, तार आकड्यासारखी वाकवून मागे घालत आणि आरशात बघत ती ज्योतीत थेंबाथेंबाने वितळवत. आरशात सगळं उलटं, तरी त्यांचा थेंब चुकत नसे.

"नुसत्या कडा वितळवून चिकटवल्या तर सांधा पातळ राहतो, भाऊसाहेब," ते मला सांगत. "तारेची भर पायजे. मागं कोण बघतो म्हणून सोडायची काय?"

नव्या साहेबांना दिसला फक्त आरसा. कामाच्या वेळेत माणूस आरशात तोंड बघतो! मला नोटीस लिहायचा हुकूम झाला.

"साहेब, तोंड बघण्यासारखं असतं तर सिनेमात नसतो गेलो?" मिस्त्री म्हणाले. "हितं वाकून बघा एकदा."

साहेबांची पँट पांढरी. ते कसले वाकतात!

"माफी लिहून द्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"न केलेल्या गुन्ह्याची माफी कशी मागू?" मिस्त्रींनी काळा चष्मा टेबलावर ठेवला आणि ते निघाले.

आरसा कशासाठी होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी काय केलं? नोटिशीतल्या 'आरशात'चा 'श' नीट वळवून काढला. आजही हे सांगताना माझा आवाज चढतो. बायको म्हणते, "तेव्हा चढवायचा होतात!" तुम्हीही तेच म्हणाल, आणि बरोबरच म्हणाल.

त्यांच्या जागी आलेल्याने पुढून झकास सांधे जोडले. मागे भर नाहीच. महिन्याभरात एक सांधा मागूनच फाटला. कुणी भाजलं नाही हे नशीब, पण कारखाना बंद पडला.

"जा, त्या आरसेवाल्या मिस्त्रीला बोलावून आण," साहेब म्हणाले.

"आणि ती नोटीस, साहेब?"

"राहू दे फायलीत. काय बिघडलं?"

काय बिघडलं! तरीही मी गेलोच, भर दुपारी, पायी, बुवापाड्यात. मिस्त्रींच्या खोलीला कुलूप होतं. शेजारच्या बाई बाहेर आल्या.

"बिऱ्हाड हलवलं त्यांनी. कुठं ते नाही सांगितलं. तुम्ही कारखान्यातले कारकून ना? बसा. मिस्त्री मला सांगून गेलेत, कारकून भाऊसाहेब आले तर चहा दिल्याशिवाय सोडू नका, उन्हातनं चालत येतील बिचारे."

मी बसलो. साखर कमी पडली का, असं त्या दोनदा विचारत होत्या. मी मान खाली घालूनच चहा संपवला.