किल्लीचा पिवळा दोरा

माझ्या दिरांचं दिल्लीतल्या द्वारकेत प्रॉपर्टीचं ऑफिस आहे. मुलं मोठी झाल्यावर ते म्हणाले, "वहिनी, घरी बसून काय करता? ऑफिसच्या किल्ल्या तरी सांभाळा." मी चौथीपर्यंत शिकलेली, त्यात अनोळखी माणसासमोर तोंड उघडत नाही. किल्ल्यांशी बोलावं लागत नाही, म्हणून हो म्हटलं.

विकायच्या फ्लॅटची किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला असते. घर पसंत पडलं की गिऱ्हाईक बयाना देतं, म्हणजे आगाऊ रक्कम. ती आमची नसते. व्यवहार होईपर्यंत बँकेत वेगळ्या खात्यात राहते, भावजी त्यातून चहाचे पैसेसुद्धा काढत नाहीत. बयाना आला की मी त्या किल्लीला शिवणाच्या डब्यातला दोरा बांधते, म्हणजे ते घर दुसऱ्या कोणाला दाखवलं जात नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाचा रंग वेगळा, आणि तो माझ्या वहीत लिहिलेला. रक्कम मालकाकडे गेली किंवा गिऱ्हाइकाला परत मिळाली, की मगच दोरा सोडायचा.

दर शनिवारी हिशेबनीस बँकेचा कागद आणि कॉम्प्युटरमधली खाती जुळवतात. ते दिल्लीचेच, जरा फटकळ. मी चहा ठेवला की म्हणायचे, "भाभीजी, आपकी राखियाँ गिन लीं?" मी नुसती मान हलवायचे.

अशाच एका शनिवारी नर्सबाई आल्या. हिंदूराव हॉस्पिटलमधून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. गुडघ्यांमुळे त्यांना तळमजल्यावरचंच घर हवं होतं. आमच्याकडे त्यांनी पन्नास हजार बयाना दिला होता, पण मालकानं विकायचं रद्द केलं. आता त्यांना दुसरीकडे तसंच घर मिळालं होतं. त्याचा बयाना संध्याकाळपर्यंत दिला नाही, तर तेही जाणार होतं.

हिशेबनिसांनी पडद्यावर पाहिलं. "मॅडम, आपका तो वापस हो चुका है."

"मुझे तो नहीं मिला, बेटा."

"बँक से टोटल मिल रहा है. एक रुपये का फर्क नहीं."

बाई पर्समध्ये पासबुक शोधायला लागल्या. भावजी हळूच मला म्हणाले, "वय झालंय, विसरल्या असतील."

मी खिळ्याकडे पाहिलं. उठून किल्ली काढली आणि भावजींसमोर ठेवली.

"हे काय, वहिनी?"

"पिवळा."

"मग?"

"यांचा आहे. अजून सोडलेला नाही. सोडला तो हिरवा. याच घराला आधी त्या बँकेतल्या साहेबांनी बयाना दिला होता ना, मग नको म्हणाले. पैसे परत गेले ते त्यांचे."

एवढं सलग मी भावजींशी आजवर बोलले नव्हते. कानशिलं गरम झाली होती.

हिशेबनिसांनी दोन्ही खाती उघडली. घर एकच, रक्कमही तेवढीच. साहेबांना परत दिलेले पैसे त्यांनी बाईंच्या खात्यातून वजा केले होते, आणि साहेबांच्या नावावर पन्नास हजार तसेच शिल्लक दिसत होते. "टोटल तो सही था," ते पुटपुटले.

"टोटल में रहेंगी क्या मॅडम?" भावजी म्हणाले.

पैसे तिथल्या तिथे बाईंच्या खात्यात गेले. फोनवरचा मेसेज त्यांनी दोनदा वाचला, मग माझ्याकडे वळल्या. "धागा मैं खोलूँ?" गाठ मी घट्ट मारते. त्यांनी चष्मा लावला आणि नखानं हलकेच ती सोडवली, दोरा न तोडता. "पट्टी बाँधना सीखी हो क्या?" म्हणाल्या. मला इतकं हसू आलं की पदर तोंडाला लावावा लागला.

आता शनिवारी आधी किल्ल्या होतात, मग बँक. हिशेबनीस माझ्यासाठी खुर्ची सरकवतात. "बोलिए भाभीजी, लाल किसका?" मी वही उघडून सांगते. आवाज अजून लहानच आहे, पण ते ऐकायला थांबतात. पिवळा दोरा संपत आला होता. काल नवीन रीळ आणलं.