बुधवारी आम्ही सोबत जेवतो

डाएटिशियनच्या फायलीत जेवणाची नोंद होते, बोलण्याची होत नाही. त्यामुळे ते बोलणं सगळं माझ्याकडेच साठत गेलंय. मी अकोल्याची, काम अमरावतीच्या एका मानसोपचाराच्या दवाखान्यात. खाण्याचे आजार झालेली माणसं तिथं येतात. कुणाला घास उचलायचीच भीती वाटते, कुणी लपून खातं आणि मग स्वतःला शिव्या देत बसतं. औषधं आणि समुपदेशन डॉक्टर बघतात, जेवण माझ्याकडे. बुधवारी दुपारी मागच्या खोलीत आम्ही सगळे सोबत जेवतो. मैत्रिणी म्हणतात, "तुझ्याकडे कसले आलेत किस्से?" आहेत. फक्त नावं बदलून सांगते.

*

प्रांजली माझी पहिली पेशंट. चांदूर रेल्वेची, कॉलेजात शिकणारी. मला शिकताना दाखवला होता तसा, कॅलरींचे रकाने आखलेला चार्ट मी तिच्यापुढे ठेवला. तिनं तो वाचला, माझाच पेन मागून घेतला आणि दोन ठिकाणी दुरुस्ती केली.

"इथं फोडणीचं तेल धरलं नाई तुमी, मॅडम."

बरोबर होतं तिचं. अन्नाची माहिती तिला माझ्याहून जास्त होती. तिचं दुखणंच ते होतं. मी चार्ट ड्रॉवरमध्ये टाकून दिला.

"मंग आता काय करायचं?" तिनं विचारलं.

"मला भूक लागलीय. बस माझ्यासोबत."

माझ्या डब्यातली एक पोळी आणि आलू-वांग्याची भाजी संपवायला तिला पाऊण तास लागला. मी मुद्दाम हळू खात होते, तरी माझं आधीच संपलं. न राहवून मी विचारलं, "कशी झाली होती भाजी?"

विचारलं आणि जीभ चावली. असं विचारू नये. पण प्रांजलीनं बराच वेळ विचार केला.

"खारट," ती म्हणाली.

तिची आई दाराशी उभी होती. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाली, "चवीबद्दल बोलली ती आज. वर्ष झालं असन, नुसते आकडेच सांगे."

*

अश्विनी वरूडची. तिचे बाबा संत्र्याचे बागायतदार. पोरीच्या ताटाकडे बघत बसायचे आणि दर दोन मिनिटांनी म्हणायचे, "खाय न वं बाई, दोन घास खाय." ती ताट सरकवून उठायची.

मी त्यांना सांगितलं, "काका, जेवताना जेवणाचं काही बोलायचं नाही."

"मंग बोलू काय?"

"दुसरं काहीही."

पुढच्या बुधवारी मी अश्विनीला विचारलं, घरी जेवण कसं चाललंय. ती म्हणाली, "बाबा रोज विहिरीच्या मोटारीबद्दल बोलून राहिले. कॉइल कशी जळाली, वायंडिंगवाल्यानं कसं फसवलं. ते आयकण्यापेक्षा मी जेवून घेतो म्हटलं."

काका शेजारीच होते. गंभीरपणे म्हणाले, "मोटार दुरुस्त झाली आता. पुढच्या हप्त्यात काय बोलू?"

*

चूक माझ्याकडूनही झाली, आणि तीही अश्विनीच्याच बाबतीत. दोन महिन्यांनंतरच्या एका बुधवारी ती आली तेव्हा चेहरा तरतरीत दिसत होता. मी दारातच बोलून गेले, "अगं, किती छान दिसतेस आता."

तीन दिवसांनी काकांचा फोन आला. पोरीनं पुन्हा जेवण सोडलं होतं. मी म्हटलं होतं 'छान', तिला ऐकू आलं होतं 'जाड'. दोन महिन्यांची मेहनत माझ्या एका वाक्यानं गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

ती आली तेव्हा मी तिच्यापुढे बसून माफी मागितली. ती म्हणाली, "काय म्हणायले पायजे होतं, सांगू?"

"सांग."

"'आलीस, बरं झालं.' एवढंच."

तेव्हापासून दाराशी मी प्रत्येकाला एवढंच म्हणते.

*

एक गुरुजी अकोल्याहून यायचे, चाळिशीतले. दिवसभर काही खायचे नाहीत, आणि संध्याकाळी शाळेतून परतताना गाडी आडबाजूला लावून, पोट दुखेपर्यंत खायचे. घरी कुणाला पत्ता नव्हता. पहिल्यांदा सांगताना म्हणाले, "मले वाटे, मी हावरा आहो. याले आजार म्हणतात, हे मालूम नव्हतं."

आम्ही एवढंच ठरवलं, सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही. तीन आठवडे बरे गेले. चौथ्या बुधवारी ते आले आणि ताटापुढे बसलेच नाहीत.

"काल पुन्हा झालं," ते सगळ्यांसमोर म्हणाले.

प्रांजलीनं विचारलं, "मंग आज सकाळी काय केलं सर तुमी?"

"नाश्ता केला. पोहे."

"मंग बसा न."

ते बसले.

*

रत्नमालाताई आपल्या लेकीला, स्नेहलला, घेऊन बडनेऱ्याहून यायच्या. सरकारी नोकरीतून नुकत्याच रिटायर झालेल्या, शांत बाई. औषधांच्या वेळा चोख, एक बुधवार चुकला नाही. आम्ही आत जेवत असू तेव्हा त्या बाहेर बाकड्यावर बसायच्या. मी बोलावलं की म्हणायच्या, "माझं काय, मी घरी जाऊन खाईन." कधी म्हणायच्या, उपास आहे. कधी, पित्त झालंय. मीही आग्रह केला नाही. सात-आठ महिने हे असंच चाललं.

स्नेहल सावरत गेली. एका बुधवारी ती स्वतःच उठली, बाहेर गेली आणि आईचा हात धरून तिला आत घेऊन आली. आपल्या शेजारी बसवलं. दुसऱ्या ताटलीत एक भाकर आणि थोडं वरण वाढलं.

"आई, मी आहो सोबत. हळू खाय."

रत्नमालाताई ताटलीकडे बघत राहिल्या. भाकरीचा तुकडा मोडला, हातात धरला, पुन्हा खाली ठेवला. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "मॅडम, हे बरं व्हायले किती वर्षं लागतात?"

मी म्हटलं, "ताई, स्नेहल तर जवळजवळ बरी झालीय."

"तिचं नाई इचारून राहिली मी."