रमणारा मासा

दुकानातल्या काचेसमोर माझी बायको मासे निरखत होती. वेंगुर्ल्याच्या बाजारात कल्ले उचलून मासळी पारखणारी ती, आज गोंधळली होती. ताट वाढायचं असलं की ताजेपणा बघावा. पण सोबतीला आणायचं तर काय बघावं?

मुलाच्या पुण्यातल्या फ्लॅटवर राहायला आल्यापासून समुद्राची तिला फार आठवण येई. म्हणून घरी खाऱ्या पाण्याची छोटी टाकी ठेवायचं ठरलं होतं. तिचं बोट निळ्या माशावर गेलं.

"तो नको, काकू," दुकानदार म्हणाला. "त्याला हिंडायला खूप जागा लागते. हा नारिंगी न्या, एका कोपऱ्यात सुखाने राहतो."

ती काचेपाशी वाकली. "रमशील ना रे आमच्याकडे?"

इथे आणताना मुलाने आम्हाला हेच विचारलं होतं. तेव्हा आम्हीही या माशासारखेच, नुसते बघत राहिलो होतो.