मेजरचे चार खाडे

बांधाच्या हजेरीत मेजरचं नाव पुकारायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. मी वही उघडेपर्यंत तो कमरेएवढ्या चिखलात उतरलेला असे.

आमचं गाव पेणच्या खारेपाटातलं. उधाणाने खाडीचा बांध फुटला की खारं पाणी भातशेतीत शिरतं आणि पुढची दोन-तीन वर्षं ती जमीन पिकत नाही. म्हणून प्रत्येक घरातून एक माणूस बांधावर आलाच पाहिजे. नाही आला तर खाडा, आणि तो नंतर काम करून भरून द्यायचा. यादी तेव्हाही माझ्याकडे होती, आजही आहे.

मेजर म्हणजे साधा जवान. गावाने त्याला बढती दिली होती. वडील लवकर गेले, घरी आई एकटी. सुट्टीवर कासू स्टेशनात गाडीतून उतरला की ट्रंक ओट्यावर ठेवून आधी माझ्याकडे यायचा. "किती खाडे रं माझे?" मग पँट दुमडून तेवढे दिवस बांधावर.

"मेजर, फौजेत चिखल पुरत नाय काय?" कुणीतरी चिडवायचं.

"पुरतो. पन तिथं चिखलातून वर आलो की बूट पॉलिश करायला लावतात."

एकदा परतायच्या दिवशीच बांध फुटला. मी म्हटलं, तू जा. तो उतरलाच. "गाडी दुसरी मिळंल. बांध एकच हाय." पलटणीत उशिरा पोचला, शिक्षा भोगली.

मग त्याला शांतिसेनेतून श्रीलंकेत पाठवलं. पत्र आलं : "इथं पन खाडी हाय, भातशेती हाय. पन शेतात सुरुंग पेरलेत. माझे खाडे किती झाले?" मी लिहिलं, "चार. लवकर ये, नाहीतर नाव खोडीन." गंमत केली होती.

शेताच्या बांधावरून चालताना त्याच्या पायाखाली सुरुंग फुटला. गावात कलश आला, मागून ट्रंक. त्याच्या आईला, काकींना, वाचता येत नव्हतं. "त्यातल्या चिठ्ठ्या वाच," म्हणाल्या. मी एकेक उचलून वाचत गेलो. सवयीने माझीही वाचली, शेवटपर्यंत.

"चार?" त्यांनी विचारलं.

"काकी, गंमत होती ती. माफ आहेत."

"कोनी केले माफ? तू?"

दुसऱ्या दिवशी त्या घमेलं घेऊन बांधावर आल्या. चार दिवस त्यांनी चिखल वाहिला. कुणी घमेलं घ्यायला पुढे झालं तर देत नसत. त्या चार दिवसांत बांधावर कुणी कुणाला चिडवलं नाही.

चौथ्या दिवशी खाडीत हात धुऊन त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"भरले ना? आता खोड त्याचं नाव."

"राहू दे ना, काकी."

"नको. एकदा पुकार, मग खोड."

मी वहीतलं त्याचं पूर्ण नाव मोठ्याने पुकारलं. बांधावरच्या सगळ्या कुदळी थांबल्या. काकी चिखलाकडे बघत होत्या. मी थोडं थांबलो आणि रेघ मारली.