दोन सूत सैल

चाळीस वर्षं लोकांच्या अंगावरच्या कपड्यांना टाचण्या लावणारे टेलरमास्तर स्वतः मात्र सुईला घाबरायचे. हसू येईल, पण खरं आहे. मशिनची सुई बोटात घुसली तर निमूट उपटून पुढचं शिवायला घ्यायचे. डॉक्टरच्या हातात सुई दिसली की पाचावर धारण.

गेले आठ महिने कंबरेतून निघालेली कळ डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत जात होती. कापायच्या टेबलाशी पाच मिनिटंही उभं राहवेना. कात्री मुलीच्या हातात गेली आणि मास्तर स्टुलावर बसून काजं करू लागले. कात्री परत मिळणार की नाही, या घोराने त्यांना घास गोड लागेना. शेवटी मणक्यात इंजेक्शन घ्यायचं ठरलं.

"मला पार झोपवा," मास्तर डॉक्टरीणबाईंना म्हणाले. "उठेन तेव्हा सगळं उरकलेलं असू दे."

"थोडी गुंगी देऊ, भीती जाईल. पण पुरतं झोपवणार नाही. सुई नसेच्या अगदी जवळ न्यायचीय. टोचलं तर लगेच सांगा."

मुलगी फिस्सकन हसली. हे वाक्य बाबांचंच होतं! ट्रायल घेताना ते प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच बजावायचे आणि उत्तराची वाट न बघता पुढची टाचणी खोचायचे.

ठरल्या दिवशी मास्तर टेबलावर पालथे झोपले. हाताच्या शिरेतून औषध गेलं आणि भीती कुठल्या कुठे पळाली. आवाज ऐकू येत होते, पण आपण दुकानातच आहोत असं त्यांना वाटत होतं. तेवढ्यात पायातून वीज सळसळली.

"ओ, दाटतंय!" मास्तर ओरडले. "दोन सूत सैल सोडा!"

डॉक्टरीणबाईंचा हात जागच्या जागी थांबला. सूत म्हणजे किती, त्यांना ठाऊक नव्हतं. सैल मात्र कळलं. त्यांनी सुई जराशी मागे घेऊन वळवली. "आता?"

"आता बरोबर बसलं."

नंतर डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरचं चित्र दाखवलं. हाडांच्या फटीत केसाएवढी सुई. "मला यात फक्त हाड दिसतं, मास्तर. नस दिसत नाही. ती तुम्ही दाखवलीत."

मास्तर बघतच राहिले. अर्धवट गुंगीतल्या एका शिंप्याच्या शब्दावर एवढ्या शिकलेल्या बाईने हात थांबवला होता. त्यांचा ऊर भरून आला.

तीन आठवड्यांनी त्यांनी उभ्याने अख्खा कोट कापला. मुलीने डोळे पुसले. मग जुनं गिऱ्हाईक ट्रायलला उभं राहिलं.

"टोचलं तर लगेच सांगा," मास्तर म्हणाले. आणि तोंडातल्या टाचण्या काढून थांबले.

गिऱ्हाईक गोंधळलं. मग चाचरत म्हणालं, "मास्तर, खरं सांगू? तुमचा प्रत्येक कोट मला वीस वर्षं काखेत दाटतोय."