देवरे वहिनींचा प्रयोग

"रोको, मॅडम, रोको! अल्लाह के वास्ते रोको!"

हे ओरडत होता तो सौदीत दम्माममधल्या एका मोठ्या मोटार शोरूमचा सर्व्हिस मॅनेजर. शोरूममागच्या वाळूच्या मोकळ्या मैदानात गाडी गोल गोल फिरत होती, तो पुढच्या सीटवर दाराचं हँडल दोन्ही हातांनी धरून बसला होता, आणि गाडी चालवणाऱ्या देवरे वहिनी त्याला शांतपणे सांगत होत्या, की कृती अजून पूर्ण झालेली नाही. मी साक्षीदार म्हणून मागे बसलो होतो. ऊन असं, की बाहेर वाळूवर पापड टाकला असता तर उलटायलाही सवड मिळाली नसती.

वहिनी आता नाशिकला परतल्या आहेत. तिथल्याच शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवून त्या नवऱ्याकडे रास तनुराला आल्या होत्या. देवरे साहेब तिथल्या रिफायनरीत माझे वरिष्ठ, आणि शेजारीही. पन्नाशीला आलेल्या वहिनींनी इथलं ड्रायव्हिंगचं लायसन पहिल्याच फटक्यात काढलं. साहेबांना ते तिसऱ्या खेपेला मिळालं होतं, आणि ही गोष्ट वहिनी महिन्यातून फार तर तीस वेळाच सांगत. त्यांचं सगळं बोलणं प्रयोगवहीच्या भाषेत. आमटी खारट झाली तर 'साहित्यात गफलत'. मी एखादी ऐकीव बातमी सांगितली की म्हणायच्या, "भाऊजी, निरीक्षणाआधी अनुमान लिहिलंत. शून्य मार्क." वर्गात एखाद्या पोराने उत्तर बघून निरीक्षणं रचली, तर वहिनी त्याची वही खिडकीतून थेट गोदावरीत फेकत म्हणे. शाळेपासून गोदावरी तीन किलोमीटरवर होती, पण त्यांचे विद्यार्थी आजही शपथेवर सांगतात.

तर एका दुपारी दम्मामहून परतताना, भर हायवेवर, त्यांच्या नव्याकोऱ्या गाडीचं स्टिअरिंग पाट्यासारखं घट्ट झालं. वहिनींनी जीव खाऊन ओढलं, ब्रेक दाबला, तरी गाडी कडेच्या कठड्यावर जाऊन आदळली. एअरबॅग एकही उघडली नाही. वहिनींना खरचटलं; शेजारी बसलेल्या साहेबांचा जबडा मोडला.

गाडी शोरूमला गेली. तिथला मॅनेजर आपल्याकडचाच, पण वीस वर्षांत अर्धा अरबी झालेला. गाडी तपासून म्हणाला, गरमीत स्टिअरिंग थोडं जड होतं, 'आदी है'. एअरबॅग त्या कोनात उघडत नाही, तेही आदी. अरबीत आदी म्हणजे नेहमीचंच, त्यात विशेष काही नाही. मग त्याने अहवालात लिहिलं, 'चालकाची चूक', आणि वर हसून म्हणाला, लेडीज ड्रायव्हर, नई नई है, आदी है.

इथवर वहिनींनी नुसती निरीक्षणाची नोंद केली. पण तो कागद घेऊन शोरूमचा माणूस हॉस्पिटलात आला, आणि साहेबांनी त्यावर सही केली. जबडा तारांनी बांधलेला, तोंडातून शब्द फुटत नव्हता. सही मात्र झोकात केली. वर माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाले, सांगत होतो ना, हिच्या हाती गाडी नको. मी ते पाहिलं, आणि दुर्दैवाने वहिनींनीही पाहिलं.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊजी, यांचं आदी सांगून झालं. आता अंत मी दाखवते."

सुरुवात घरापासून. डॉक्टरांनी साहेबांना नळीने काहीही पातळ द्या म्हटलं होतं. वहिनींनी सहा आठवडे सकाळ-संध्याकाळ कारल्याचा रस दिला. 'काहीही' या शब्दाचा एवढा काटेकोर अर्थ वैद्यकशास्त्रात आजवर कुणी लावला नसेल. साहेबांना 'नको' म्हणता येत नव्हतं.

दुरुस्त होऊन परत आलेली गाडी त्यांनी पंधरा दिवस एका ओसाड मैदानात चालण्याच्या वेगाने फिरवली आणि दुखणं शोधून काढलं. इंजिन चाळीस मिनिटं तापलेलं, एसी फुल, आणि लागोपाठ डावी वळणं: स्टिअरिंग हमखास अडकतं. मग मॉलच्या पार्किंगमध्ये उभं राहून त्याच मॉडेलच्या मालकांना गाठायला सुरुवात केली. मल्याळी नर्स, सुदानी डॉक्टर, दोन सौदी शिक्षिका, असे नऊ जण सापडले. नऊही जणांच्या पदरात शोरूमने 'आदी'च टाकलं होतं.

एका सकाळी त्या नऊ गाड्या शोरूमच्या फाटकात आडव्या लागल्या, दहावी वहिनींची. नवी गाडी बघायला आलेली गिऱ्हाइकं तमाशा बघू लागली. मॅनेजर धावत बाहेर आला. वहिनींनी पुढचं दार उघडून धरलं. "आदी है, तो बैठिए." एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? बसला.

"साहित्य," वहिनी पट्टा लावत म्हणाल्या, "एक गाडी, एक मॅनेजर."

पुढचं ओरडणं तुम्ही ऐकलंच आहे. इंजिन तापलं, एसी फुल झाला, आणि कितव्याशा वळणाला स्टिअरिंग अडकलं. वहिनींनी त्याला ते फिरवून बघायला सांगितलं. त्याने दोन्ही हातांनी हिसडे दिले. गाडी म्हशीच्या चालीने सरळ वाळूच्या ढिगाकडे निघाली आणि त्यात नाक खुपसून थांबली. आणि हायवेवर गाढ झोपलेली ती एअरबॅग इथे जागी झाली. धाडकन, तीही फक्त त्याच्या बाजूची. त्याचा चष्मा माझ्या मांडीत येऊन पडला. एअरबॅगच्या भुकटीने तोंड पांढरंफटक, जणू पिठाच्या गिरणीत डोकं घातलं होतं.

वहिनींनी इंजिन बंद केलं. "ये भी आदी है?"

त्याने बॉनेटवर कागद ठेवून स्वतःच्या हाताने नवा अहवाल लिहिला. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका इंग्रजीत नसतात, तरी वहिनींनी त्याच्याकडून तो दोनदा लिहून घेतला. अनुमान: चालकाची चूक नाही. खाली शिक्का. तो कागद आणि दहा मालकांच्या तक्रारी सरकारदरबारी गेल्या, आणि कंपनीला त्या मॉडेलच्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या. मॅनेजरची बदली कुठल्याशा वाळवंटातल्या गोदामात झाली. वहिनींनी त्याला फोन करून विचारलं, तिथली गरमी आदी आहे ना. मला त्याची दया आली. त्यांना नाही.

जबड्याच्या तारा निघाल्या तशी साहेबांना वाचा फुटली. आमच्या अख्ख्या कंपाउंडला, म्हणजे वसाहतीला, सांगत सुटले, की हिची चूक असणं शक्यच नाही, मी पहिल्यापासून म्हणत होतो. वहिनी ऐकून घेत. कामावर रुजू व्हायच्या दिवशी साहेब इस्त्रीचा शर्ट घालून, बॅग घेऊन वहिनींना कंपनीने बदलून दिलेल्या गाडीपाशी आले. मी माझ्या दारात उभा होतो. त्यांनी पुढचं दार ओढलं, उघडलं नाही. काच बोटभर खाली आली.

"अगं, प्लांटवर सोडतेस ना?" साहेब लाडात म्हणाले. "तुझ्या ड्रायव्हिंगवर माझा पूर्ण विश्वास आहे."

"तुमची टॅक्सी सांगितली आहे," वहिनी म्हणाल्या. "पाच मिनिटांत येईल."