डाखवाल्या वहिनी आणि नवसागराचे बंध

गाड्यांचे गळके रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या नवऱ्याच्या दुकानात डाख द्यायचं, म्हणजे वितळलेल्या कथिलाने भोकं बुजवायचं काम वहिनी एकवीस वर्षं करत होत्या. डाखाच्या हत्याराचं तापलेलं तांब्याचं टोक नवसागराच्या वडीवर घासलं की पांढरा धूर उठायचा आणि टोक लख्ख व्हायचं. तोच धूर गार पत्र्यावर परत पांढरी पूड होऊन बसायचा. असं का होतं विचारलं, तर नवरा म्हणायचा, "धूर आहे, दुसरं काय!"

हे उत्तर वहिनींना काही पटेना. शेहेचाळिसाव्या वर्षी त्यांनी बारावीचा फॉर्म भरला. रसायनशास्त्रात दांडी उडाली, तर पुन्हा भरला.

सरावपरीक्षेत प्रश्न आला, नवसागरातले, म्हणजे अमोनियम क्लोराइडमधले, बंध सांगा. वहिनींनी झोकात लिहिलं, "आयनिक". शिकवणीच्या बाईंनी तीनपैकी एकच गुण दिला.

"बाई, बाकीचे दोन?"

"बाकीचे दोन बंध लिहिले असतेत, तर मिळाले असते."

"मग सांगाच. समजल्याशिवाय मी इथून हलत नाही."

बाईंनी खडू उचलला. नायट्रोजन तीन हायड्रोजनांशी इलेक्ट्रॉनची भागीदारी करतो, तो सहसंयुज बंध. चौथा हायड्रोजन येतो रिकाम्या हाताने. त्याच्यासाठी दोन्ही इलेक्ट्रॉन नायट्रोजनच पुढे करतो, तो समन्वय बंध. या सगळ्या मेळ्यावर धन प्रभार आणि क्लोरीनवर ऋण, त्यांची ओढ म्हणजे आयनिक बंध.

"आणि तापवल्यावर?"

"एक हायड्रोजन क्लोरीनबरोबर निघून जातो, दोन वायू होतात. गार झाले की पुन्हा एकत्र."

"अगंबाई, हा तर माझा धूर!"

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी कागदावर नायट्रोजन आणि त्याच्याभोवती चार हायड्रोजन काढले. "यातल्या समन्वय बंधावर बोट ठेवा."

वहिनी कागदावर वाकल्या. बोट उचललं आणि मागे घेतलं. "नाही ठेवता येणार, सर. जुळेपर्यंतच चौथा वेगळा. जुळल्यावर चारही सारखे."

"पुस्तकात तर समन्वय बंधाला बाण दाखवलाय."

"तो कसा आला ते सांगायला. नंतर आलेला कोणता, हे आता ओळखू येत नाही."

"खात्री आहे?"

"गुण कापा हवं तर. बोट नाही ठेवणार."

परीक्षक खुदकन हसले आणि त्यांनी पूर्ण गुण मांडले.

रसायनशास्त्रात त्रेपन्न मिळाले. नवऱ्याने गुणपत्रिका दोनदा वाचली, घसा खाकरला आणि हळूच विचारलं, "काय गं, तांब्याची नळी हिरवी का पडते, तेही असतं का त्यात?"

वहिनींनी स्टूल पुढे सरकवलं. "बसा."